‘दुखत नसताना एक्स-रे कशाला?’ या अभिप्रायाला दवाखान्याचं उत्तर

नमस्कार. काही दुखत नसताना एक्स-रे काढले, कॉम्प्युटरने दोन दाढांवर रंगीत चौकटी दाखवल्या, त्यावरून एकीला फिलिंग सांगितलं आणि दुसरीकडे ‘नुसतं लक्ष ठेवू’ म्हटलं, असं आपण लिहिलं आहे. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी आरशाने पाहून दात स्वच्छ असल्याचं सांगितलं, हेही. आपली वैद्यकीय माहिती मी इथे उघड करणार नाही. आपण स्वतः जे मांडलं आहे तेवढ्यावरच बोलतो.

त्या डॉक्टरांना आरशात जे दिसलं ते खरंच असेल. पण दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात, तिथे आरसाही पोहोचत नाही आणि नजरही. त्या जागची कीड वरून काही न दिसता आत सरकते आणि नसेच्या जवळ जाईपर्यंत बहुतेकदा दुखत नाही. ठणका लागल्यावर येणाऱ्या अनेकांची फिलिंगची वेळ निघून गेलेली असते, रूट कॅनालच करावं लागतं. हे मला रोज पाहावं लागतं, म्हणून मी दुखण्याची वाट पाहत नाही. पट्टी दातांत धरायला लावून घेतात तो बाईटविंग एक्स-रे १९२५ पासून मुख्यतः याच लपलेल्या किडीसाठी वापरला जातो.

किरणांची काळजी रास्त आहे. अशा एका डिजिटल एक्स-रेची मात्रा साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट असते. जमीन, हवा आणि अवकाशातून माणसाला वर्षाकाठी जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला सहा-सात मायक्रोसिव्हर्ट. तरीही गरज नसताना एकही काढू नये, याबाबत मी आपल्याशी सहमत आहे.

आता चौकटी. सॉफ्टवेअर संशयाची जागा दाखवतं, निदान डॉक्टरने करायचं असतं. किडीने खनिज झिजलं की किरण तिथून जास्त आरपार जातात आणि ती जागा काळी दिसते. पण काळं दिसलं की कीडच, असं नाही. दाताच्या मानेशी, म्हणजे हिरडीलगत, निरोगी दातातही काळसर पट्टा उमटतो. कोन जरा चुकला की शेजारच्या दाढा एकमेकींवर चढतात आणि मधलं काही वाचताच येत नाही. स्क्रीनवर कॉन्ट्रास्ट वाढवला तर साधी सावलीही कीड वाटू शकते, म्हणून मी चौकटी बंद करून मूळ प्रतिमा आधी पाहतो. उलटही घडतं. साधारण ३० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय एक्स-रेवर खूणच उमटत नाही, त्यामुळे कीड दिसते त्याहून प्रत्यक्षात बहुधा खोल असते.

दोन्ही दाढांवर चौकट असून सल्ला वेगळा का, हा आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डाग इनॅमलपुरता, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरापुरता असेल आणि पृष्ठभाग मोडलेला नसेल, तर मी ड्रिल लावत नाही. फ्लोराईड, दातांमध्ये रोज धागा फिरवणं आणि सारखं गोड खाणं कमी करणं, एवढ्याने असा डाग थांबू शकतो, काही वेळा खनिज परतही भरतं. कोरून काढलेला दात मात्र पुन्हा वाढत नाही. याउलट, डेंटिनमध्ये, म्हणजे त्याखालच्या मऊ थरात शिरून खड्डा पडला असेल तर तो फ्लोराईडने बुजत नाही, तिथे फिलिंग लागतं. केवळ फिलिंग गळ्यात मारायचं असतं तर दोन्ही दाढांना सांगणं सोपं होतं.

आपल्या प्रतिमा आपल्याच आहेत. मूळ फाइल मागा, त्याच दिवशी देऊ. मोबाईलवर काढलेला स्क्रीनचा फोटो या कामाला पुरत नाही. त्या फाइल कोणत्याही दंतवैद्याला दाखवा, आणि त्यांचं मत माझ्याहून वेगळं निघालं तर त्यांच्याशी बोलायला मी तयार आहे. फिलिंग कुठेही करून घ्या, फक्त लांबवू नका. लक्ष ठेवायच्या दाढेचा पुढचा एक्स-रे साधारण वर्षभराने लागेल. तो दुसरीकडे काढलात तरी आताची प्रतिमा सोबत न्या, कारण डाग वाढला की थांबला हे दोन्ही शेजारी ठेवल्यावरच ठरवता येतं.