नानचांगच्या उठावात माओ होता कुठे? 'द फाउंडिंग ऑफ ॲन आर्मी'वाल्या फॉरवर्डला उत्तर

एका चिनी सिनेमाची क्लिप आणि तिच्याखाली लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपात फिरतोय. सिनेमा २०१७ चा, 'द फाउंडिंग ऑफ ॲन आर्मी', चिनी सैन्याला ९० वर्षं झाली म्हणून काढलेला. मेसेजचं म्हणणं असं की १ ऑगस्ट १९२७ ला माओने नानचांग शहरात शेतकऱ्यांना घेऊन लाल सेना, म्हणजे कम्युनिस्टांची फौज, उभी केली, सरकारी फौजेला धूळ चारली, तिथून मागे वळून पाहिलं नाही, आणि सिनेमा तिकडे तुफान चालला, त्याच्याविरुद्ध ब्र काढायची कुणाची टाप नाही. शेवटी आपल्या डॉ. कोटणीसांनाही त्यात ओढलंय. तर एकेक बघू.

माओचं आधी. तो त्या रात्री नानचांगमध्ये नव्हताच. उठाव चौ एन-लायच्या नेतृत्वाखाली झाला, सोबत हे लुंग, ये तिंग, झू दे, लिऊ बोचेंग. माओ ७ ऑगस्टला हान्को शहरात पार्टीच्या गुप्त बैठकीत होता आणि त्याचा स्वतःचा उठाव सप्टेंबरमध्ये, हुनान प्रांताच्या बाजूला, तोही फसला. गंमत म्हणजे सिनेमातही हे दोन उठाव वेगवेगळेच दाखवलेत, त्यामुळे मेसेज लिहिणाऱ्याने क्लिपच्या पलीकडे काही पाहिलंय असं वाटत नाही.

आता 'शेतकऱ्यांची फौज विरुद्ध सरकारी फौज'. हा सगळ्यात मोठा घोळ आहे. नानचांगमध्ये उठलेले वीसेक हजार लोक नांगर सोडून आलेले नव्हते, ते पगारी, शिकवलेले सैनिक होते आणि तेही कुओमिन्तांग या तिकडच्या राष्ट्रवादी पक्षाच्याच राष्ट्रीय क्रांतिकारी सेनेतले! कारण १९२४ पासून कम्युनिस्ट आणि कुओमिन्तांग यांची युती होती, एकत्र मिळून उत्तरेतल्या सरंजामी सेनापतींशी लढत होते, मग एप्रिल १९२७ मध्ये कुओमिन्तांगचा सेनापती च्यांग कै-शेकने शांघायमध्ये कम्युनिस्टांची कत्तल केली, जुलैत कुओमिन्तांगच्या वुहानवाल्या डाव्या गटानेही हात झटकले, आणि त्याच सैन्यात अडकलेल्या कम्युनिस्ट अधिकाऱ्यांपुढे उठाव करा नाहीतर मरा एवढंच उरलं. म्हणजे त्या रात्री गोळ्या झाडणारे दोन्हीकडचे लोक एकाच सेनेचे. गणवेशसुद्धा एकच. म्हणून मग आपला कोण हे कळावं यासाठी उठाववाल्यांनी गळ्यात लाल रुमाल बांधला, दंडाला पांढरा टॉवेल गुंडाळला आणि परवलीचा शब्द ठरवला. झू देचं काम तर अजून भारी. तो शहराचा पोलीस प्रमुख राहिलेला, अधिकाऱ्यांच्या ओळखीतला, त्याने समोरच्या रेजिमेंटच्या बड्या लोकांना आदल्या संध्याकाळी जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर माहजोंग खेळत बसवून ठेवलं. तेवढ्यात फितुरी झाल्याचं कळलं आणि पहाटे चारचा ठरलेला मुहूर्त दोनवर आणावा लागला.

आणि 'लाल सेना' त्या दिवशी उभी राहिली म्हणणं तर अजिबात बरोबर नाही. उठावानंतर जी क्रांतिकारी समिती बनवली ती कुओमिन्तांगच्याच नावाने, झेंडाही त्यांचाच चालू ठेवला. सगळ्यात जास्त माणसं ज्याच्या हाताखाली होती तो हे लुंग तेव्हा कम्युनिस्ट पार्टीचा सभासदसुद्धा नव्हता, नंतर माघारीच्या वाटेवर झाला. लाल सेना हे नाव १९२८ चं आणि १ ऑगस्ट हा सैन्याचा स्थापना दिवस हे ठरलं १९३३ मध्ये. म्हणजे वाढदिवस सहा वर्षांनी मागे जाऊन नक्की केलाय, आणि राजकारणात हे काही नवं नाही, आपणही बघतोच की.

'मागे वळून पाहिलं नाही' हे मात्र वाचून हसूच आलं. शहर काही तासांत घेतलं खरं, पण ३ ते ५ ऑगस्टमध्ये सोडूनही दिलं. दक्षिणेला ग्वांगदोंगला जायचं, समुद्राकाठचं बंदर धरायचं, रशियाची मदत उतरवायची असा बेत. भर उन्हाळ्यात ती पायपीट, वाटेत लोक आजारी पडले, पळून गेले, आणि सप्टेंबर संपता-संपता, ऑक्टोबर लागताना शांतौच्या आसपास सगळं मोडलं. चौ एन-लाय मलेरियाने फणफणलेला, त्याला होडीतून हाँगकाँगला न्यावं लागलं. सिनेमात सानहबाची लढाई आहे ती याच माघारीतली, झू दे तिथे मागे राहून लढला आणि पुढे त्याच्या हातात उरली जेमतेम आठशे माणसं, त्यांच्यात वाटेत आणखी माणसं जोडून तो एप्रिल १९२८ मध्ये जिंगगांग डोंगरात माओला जाऊन मिळाला. माझ्या मते सैन्याची खरी घडण नानचांगपेक्षा सानवान नावाच्या गावात जास्त झाली, जिथे सप्टेंबर १९२७ च्या शेवटी माओने आपल्या हजाराच्या आत उरलेल्या लोकांची फेररचना करून प्रत्येक कंपनीत पार्टीची शाखा बसवली. चिनी सैन्य आजही देशाच्या आधी पार्टीचं का, याचं मूळ तिथे आहे. पण त्या प्रसंगात धडाडधूम नाही, त्यामुळे त्याची क्लिप कोण फॉरवर्ड करणार.

सिनेमा तुफान चालला? कमाई साधारण ४० कोटी युआन. त्याच आठवड्यात आलेल्या 'वुल्फ वॉरियर २' ने साडेपाचशे कोटी युआनच्या वर नेले. आणि ब्र काढायचं म्हणाल तर ये तिंगचा नातू, जो स्वतः दिग्दर्शक आहे, त्याने आजोबांच्या रोलमध्ये ओउ हाओसारखा तरुण चॉकलेटी स्टार घेतला म्हणून जाहीर राग काढला होता. आता टीका स्टार निवडण्यावर झाली, पार्टीच्या इतिहासावर नाही, ती सूट तिथे नाहीच, हे मान्य.

राहिले कोटणीस. 'माओच्या बोलावण्यावरून लाल सेनेत गेले' असं लिहिलंय. नेहरूंना वैद्यकीय मदतीसाठी पत्र लिहिलं होतं ते झू देने, हो, तोच जेवण देणारा. त्यावरून काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर. पथकाने सुरुवातीचे महिने काम केलं ते च्यांगच्या ताब्यातल्या भागात, येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या तळावर, पोचले १९३९ मध्ये. आणि मग कोटणीस कम्युनिस्टांच्या ज्या आठव्या रूट आर्मीत राहिले, १९४२ मध्ये तिथेच वारले, तीसुद्धा जपानशी लढण्यासाठी झालेल्या दुसऱ्या युतीमुळे कागदोपत्री त्याच राष्ट्रीय क्रांतिकारी सेनेचा भाग होती, च्यांगच्या सरकारखाली.