टी म्हणजे टॉप

आमच्या कन्येला आधी बासरी हवी होती, मग स्केट्स, मग रायफल. बासरी माळ्यावर गेली, स्केट्स शेजारच्या मुलाकडे गेले, त्यामुळे रायफलचंही तसंच होईल म्हणून मी निवांत होतो. पण सहा महिने नेमबाजीच्या रेंजवरच्या सामाईक रायफलींवर काढूनही खूळ उतरेना. शेवटी रेंजवरचाच एक मुलगा मोठ्या रायफलवर गेला आणि त्याची जुनी एअर रायफल आमच्या घरी आली.

"काय मारणार ही?" मामांनी विचारलं.

"कागद."

मामा गप्प झाले. घराण्यात आजवर कुणी उंदीरसुद्धा मारलेला नाही, पण कागद म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडला की जणू वाघांची परंपरा खंडित झाली.

मामांना तो कागद माहीत नाही. 10 मीटरवर टांगलेलं सगळं लक्ष्य मिळून 45.5 मिलिमीटर रुंद, आणि मधोमध दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर. छर्राच मुळी 4.5 मिलिमीटरचा. वाघ निदान दिसतो तरी.

"रायफल तिच्या मापाची करून घ्यावी लागेल, रविवारी घेऊन या," तिला नेमबाजी शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, रविवारपर्यंत कशाला थांबायचं? घरातल्या सगळ्या सायकलींच्या सीटा मीच वरखाली केल्या आहेत.

पेटी उघडली. कन्येने आधी बोल्ट, म्हणजे छर्रा भरायचा खटका, उघडा आहे ना पाहिलं, नळी रिकामी असल्याची खूण म्हणून घालतात तो सेफ्टी फ्लॅग नळीत आहे ना पाहिलं, नळी भिंतीकडे वळवली, आणि मगच मला हात लावू दिला. पुढचं काम सोपं वाटत होतं. बट, म्हणजे रायफलचा खांद्याकडचा भाग, मागेपुढे होतो. त्याच्या टोकाची, खांद्याला टेकणारी बट प्लेट वरखाली होते, शिवाय तिरकी होते. गाल टेकवायचा तो चीकपीस वर, खाली, आत, बाहेर, म्हणाल तिकडे जातो. ट्रिगरसुद्धा पुढेमागे सरकतो. एकूण चौदा स्क्रू मी मोजले, आणि पहिल्याच झटक्यात त्यातले अकरा सैल केले. कुठला कशाचा होता हे नंतर आठवेना.

बटाची लांबी मोजायची एक जुनी पद्धत मी ऐकून होतो. बट कोपराच्या खोबणीत टेकवायचा आणि बोट ट्रिगरवर नीट पोचतं का बघायचं. कन्या गृहपाठाला बसली होती. तिला कशाला उठवायचं, म्हणून माझ्याच हातावर माप घेतलं आणि अंदाजाने तीन बोटं कमी केली.

रविवारी तिने ती रायफल खांद्याला लावली, तेव्हा पिल्लू कासव कवचाबाहेर पडायचा प्रयत्न करतंय असं काहीसं दिसलं.

"हे सेटिंग कुणी केलं?" सरांनी विचारलं.

कन्या छताकडे बघू लागली. मीही बघू लागलो.

सरांनी पहिल्यांदा रायफल काढूनच घेतली. पोरीला नुसतं उभं केलं. पाय खांद्याइतके फाकवून, कंबर किंचित पुढे, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवलेलं. "वजन हाडावर घ्यायचं, स्नायूवर नाही. स्नायू थकतो, हाड थकत नाही." हे ऐकून मी मनातल्या मनात हिशेब केला. स्पर्धेत 5.5 किलोपर्यंतची रायफल चालते. आमची 4 किलोची. कन्या 34 किलोची, मी 82. म्हणजे तिच्या प्रमाणात मला साडेनऊ किलोहून जास्त वजन गालाशी धरून तासभर उभं राहावं लागेल, तेही न हलता. नळीवरची जादाची वजनं सरांनी काढून टाकली आणि दोन नेमांच्या मध्ये रायफल स्टँडवर टेकवायची ताकीद दिली. माझं कोपर कमरेच्या हाडापर्यंत पोचतच नाही. मध्ये बराच मी आहे.

मग रायफल हातात दिली. "डोळे मिट. आरामात गाल टेक. उघड. काय दिसतं?"

"चतुर्थीचा चंद्र."

नेम धरायच्या मागच्या साइटच्या बारीक भोकातून पुढच्या साइटचा गोल अख्खा आणि मधोमध दिसायला हवा. गाल खाली पडत होता म्हणून तो एका बाजूने खाल्ला जात होता. सरांनी चीकपीस सूतभर वर उचलला. मिट, टेक, उघड. अष्टमी. आणखी सूतभर. एकादशी. मग बट प्लेट थोडी खाली, म्हणजे मान न वाकवता रायफलच डोळ्यापर्यंत वर आली. दर वेळी डोळे मिटायचे, कारण उघड्या डोळ्याने माणूस मानच फिरवून जमवून घेतो आणि रायफल तशीच चुकीची राहते. अर्ध्या तासाने ती ओरडली, "पौर्णिमा!"

ट्रिगर तिच्या बोटाच्या पहिल्या पेराशी आला. दुसरा डोळा गच्च मिटायची तिची खोड होती, त्यावर पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी आली.

"मी आलोच," सर म्हणाले. "साइटला हात लावू नका."

तिचे पाच छर्रे खाली लागले होते. सगळे जवळजवळ, पण खाली. साइट जर्मन होती, तिच्या एका स्क्रूवर टी आणि एच अशी अक्षरं. मी म्हटलं, सोपं आहे, टी म्हणजे टॉप. टीकडे चार क्लिक फिरवले. छर्रे वर आले! जरा जास्तच वर. मग उरलेला एच म्हणजे हेठ. दोन क्लिक एचकडे, छर्रे बरोबर मधल्या उंचीवर. ही कंपनी आपल्यासारख्यांचा विचार करते, हे मला फार आवडलं.

आता ते थोडे डावीकडे होते. दुसऱ्या स्क्रूवर एल आणि आर. डावीकडे आहे, उजवीकडे न्यायचंय, म्हणजे आर. चार क्लिक. छर्रा आणखी डावीकडे. मी म्हटलं, स्क्रू लाजाळू आहे, आणखी सहा. छर्रा लक्ष्याच्या मधल्या काळ्या भागाच्या बाहेर. आणखी दहा. वर्तुळांच्याच बाहेर, कोऱ्या कागदात.

"बाबा, तू लांब उभा राहतोस का?"

सर आले. त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं, आणि अतिशय शांतपणे म्हणाले, "अहो, ती अक्षरं काय हवंय ते सांगत नाहीत, काय चुकलंय ते सांगतात. छर्रा डावीकडे लागला की एलकडे फिरवायचं. टी म्हणजे टीफ, जर्मनमध्ये खाली. खाली लागला की टीकडे."

म्हणजे वरखालीचं गणित मी पूर्णपणे चुकीच्या कारणाने बरोबर सोडवलं होतं. शाळेत मला यावर निम्मे गुण मिळत.

शेवटच्या पाच छर्‍यांचं मिळून एकच वेडंवाकडं भोक पडलं, नऊच्या आसपास. सरांनी कौतुक केलं. छर्रे शिशाचे असतात म्हणून साबणाने हात धुवायला पाठवलं, आणि जाता जाता मला सांगितलं की मुलगी वाढतेय, तीन-चार महिन्यांनी हे सगळं पुन्हा उघडावं लागेल.

घरी आल्यावर कन्येने बट आणि चीकपीसच्या दांड्यांवर पेन्सिलने बारीक रेघा मारल्या, आकडे वहीत उतरवले. रात्री तिच्या देखत, बोल्ट उघडा ठेवून, मी एकदा रायफल खांद्याला लावून पाहिली. चीकपीस माझ्या जबड्यात घुसला. साइटमध्ये शुद्ध अमावस्या. नकळत माझा हात स्क्रूकडे गेला, तर तिथे चिकटपट्टी होती आणि तीवर निळ्या शाईत: "टी म्हणजे टॉप नाही."

परवा दाराच्या चौकटीशी उभं करून तिची उंची मोजली. दोन सेंटिमीटर वाढली आहे. मी लगेच ॲलन की शोधायला गेलो, पण ती कुठे ठेवलीय ते घरात कुणालाच आठवत नाही. बायकोलाही नाही.