फितीवरच्या आवाजाविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार,

कॅसेट आणि सीडी घरात सांभाळून ठेवाव्यात, या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत: मराठवाड्याच्या उन्हाधुळीत फिती टिकत नाहीत, मोबाईलवर तेच संगीत अधिक स्वच्छ मिळते आणि लोकांना जुन्या यंत्रांवर खर्च करायला लावणे योग्य नाही.

स्वच्छतेचा मुद्दा मी मान्य करतो. सीडीवरील ध्वनी 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झचा (ही डिजिटल ध्वनीच्या बारकाव्याची मापे) असतो आणि काही स्ट्रीमिंग सेवा आता तोच दर्जा काटछाट न करता देतात. कॅसेटची त्यांच्याशी बरोबरी होणार नाही. खर्चाचेही आपले म्हणणे रास्त आहे, नवे यंत्र घ्याच, असा माझा आग्रह नाही.

उन्हाविषयी मात्र थोडे सांगायला हवे. परभणीत मे महिन्यात पारा 42 अंशांपुढे जातो, आणि पत्र्याखाली ठेवलेल्या कॅसेटचे हाल होतात, हे खरे आहे. परंतु अनेकदा खराब होते ती फीत नसून तिला हेडवर, म्हणजे यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारी बारीक पट्टी असते. तिचा गोंद सुटला की आवाज दबका येतो आणि फीत गेली असे समजून माणसे कॅसेट फेकून देतात. कॅसेट स्क्रूची असेल, तर ती उघडून फितीची रिळे दुसऱ्या चांगल्या कॅसेटमध्ये बसवता येतात.

माझा खरा मतभेद आपल्या 'तेच संगीत' या शब्दांशी आहे. आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहातील कीर्तने कोणीतरी टेपरेकॉर्डर पुढे ठेवून भरून घेतली होती. त्यांत टाळांच्या गजरासोबत आता हयात नसलेल्या कितीतरी माणसांचे आवाज आहेत, आणि ती कीर्तने कोणत्याही ॲपवर नाहीत. भीमजयंतीला वाजणाऱ्या, छोट्या कंपन्यांनी काढलेल्या गाण्यांच्या अनेक कॅसेटींचीही हीच गत आहे. शिवाय शास्त्रीय संगीताच्या कॅसेटच्या वेष्टनावर तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, हे छापलेले असे. मोबाईलच्या पडद्यावर ती नावे बहुधा दिसत नाहीत, आणि साथीदाराचे नाव पुसले जाणे मला फार लागते.

आपल्या घरी अशा घरगुती फिती असतील, तर त्या आधी संगणकावर उतरवून घ्याव्यात, आणि त्यातही 90 मिनिटांच्या प्रथम, कारण त्यांची फीत 60 मिनिटांच्या कॅसेटपेक्षा पातळ असते व लवकर ताणली जाते. उतरवून झाल्यावरही मूळ कॅसेट, तिच्यावरील हस्ताक्षरासह, कपाटात उभी ठेवावी.