देवरुखसारख्या गावांचे काय?

‘ग्रामीण भागात मागणी नाही, म्हणून चार्जिंग केंद्रे नाहीत’ हे विजेवर चालणाऱ्या गाड्यांवरील लेखातील विधान मला पटत नाही, कारण गाडी वाटेत कुठे चार्ज होईल याची खात्री नसेल तर ती घेण्याचे धाडस कोणी करणार नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक केंद्र अपेक्षित होते. पण मुंबई-गोवा महामार्ग सोडून आत असलेल्या, रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखसारख्या तालुक्याच्या गावाला त्या हिशेबाचा फारसा उपयोग नाही. अशा ठिकाणी महागडा जलद चार्जरच हवा असे नाही. एसटी स्थानकाजवळ, बाजारपेठेत आणि लॉजच्या आवारात १६ अँपिअरचे, मीटर असलेले साधे सॉकेट बसवले, तर साधारण ३.३ किलोवॉट वीज मिळते, म्हणजे मोटारीची ३० किलोवॉट-तासांची (३० युनिट वीज साठवणारी) बॅटरी रात्रभरात भरते आणि दुचाकीचे काम तर काही तासांत होते. जलद चार्जर एकच असला तरी चालेल, मात्र तो बंद पडल्यास दुरुस्त करणारा माणूस तालुक्यातच असला पाहिजे, आणि कोकणातल्या पावसाळ्यात वीज वारंवार जाते हेही जागा ठरवतानाच लक्षात घ्यायला हवे.