‘२०४७ मध्ये पहिला क्रमांक’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश महिन्याभरात तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा तो पाठवणारे गृहस्थ निवृत्त बँक अधिकारी आहेत आणि त्यांच्याच आकडेमोडीवर आमचा मेंटेनन्स ठरतो, त्यामुळे उत्तर देणे भाग पडले. संदेशाचा आशय असा: भारत ही सर्वांत वेगाने वाढणारी मोठी अर्थव्यवस्था आहे, १७०० साली जगाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा आपला होता, चीनने तीस वर्षांत जे केले ते आपणही करू, तरुण मनुष्यबळ आपल्याकडे सर्वाधिक आहे, म्हणून २०४७ पर्यंत भारत जगातील पहिल्या क्रमांकाची सत्ता होईल. यातले पहिले विधान मला मान्य आहे. माझे भांडण आहे ते ‘म्हणून’ या शब्दाशी.

‘मोठी’ हे विशेषण काढून टाकले, तर वेगाचा मान गयानाकडे जातो. समुद्रातल्या तेलाचा उपसा २०१९ च्या अखेरीस सुरू झाला आणि २०२२ या एका वर्षात त्या देशाची अर्थव्यवस्था ६० टक्क्यांहून अधिक वाढली. तिथली लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या नवी मुंबई महापालिका क्षेत्रात ११ लाखांवर माणसे होती. वेग कशावर मोजला जातो, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

तोच हिशेब आपल्याला लावू. २०२४ मध्ये अमेरिकेचे सकल उत्पादन सुमारे २९ लाख कोटी डॉलर होते, आपले सुमारे ३.९ लाख कोटी. आपण साडेसहा टक्क्यांनी वाढलो तर वर्षात पाव लाख कोटींची भर पडते, अमेरिका २.८ टक्क्यांनी वाढली तरी तिची भर ०.८ लाख कोटींची असते. विनिमयदर आहे तोच राहिला आणि दोन्ही देशांचे वेग कधीच बदलले नाहीत असे धरले, तरी गाठ पडायला ५५ वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि त्यातली पहिली तीसेक वर्षे दोघांमधले अंतर कमी न होता वाढतच जाते. हे गणित मी कागदावर दोनदा करून पाहिले, कारण पहिल्यांदा माझाही विश्वास बसला नव्हता.

यावर क्रयशक्तीच्या हिशेबाने आपण आजच तिसरे आहोत, असे उत्तर हमखास येते. नौपाड्यातला वडापाव आणि न्यूयॉर्कमधले सँडविच यांच्या किमतींतली तफावत त्या हिशेबात धरलेली असते, आणि लोक कसे जगतात हे समजून घ्यायला तो योग्यच आहे. मात्र कच्चे तेल, लढाऊ विमानाचे इंजिन किंवा चिप वडापावच्या दराने मिळत नाही. लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण आयात करतो, आणि त्याचे बिल मुख्यतः डॉलरमध्येच येते.

आता १७०० सालाकडे येतो, कारण संदेशातला सर्वांत आवडता मुद्दा हाच आहे. अँगस मॅडिसन या अर्थतज्ज्ञाच्या अंदाजानुसार त्या वर्षी भारतीय उपखंडाचा वाटा सुमारे २४ टक्के होता. तो आकडा खरा धरला तरी ते उत्पन्न कोणा एका सत्तेच्या तिजोरीत जात नव्हते. त्याच वर्षी राजाराम महाराजांचे निधन झाले आणि ताराबाईंनी औरंगजेबाविरुद्धचा लढा पुढे चालवला. शिवाय त्याच काळात आपल्या साष्टीवर, म्हणजे मुंबईची उपनगरे आणि ठाणे ज्यावर वसले आहे त्या बेटावर, पोर्तुगिजांचा अंमल होता, म्हणजे जगाच्या उत्पन्नात नगण्य वाटा असलेल्या एका लहानशा देशाचा. आज जिथे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे तो किल्ला त्यांनीच बांधायला घेतला होता. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. कारागृहाच्या भिंतीवरून रोज जाणाऱ्या ठाणेकरांना तरी सांगायला नको की संपत्ती एकाकडे आणि आरमार दुसऱ्याकडे असले की काय होते.

आकार आणि अग्रस्थान यांच्यातले हे अंतर आधुनिक काळातही तसेच दिसते. अमेरिकेची अर्थव्यवस्था ब्रिटनपेक्षा मोठी झाली ती १८७० च्या दशकात. पण जगाचा व्यापार त्यानंतरही चार दशके मुख्यतः पौंडातच चालला, आणि डॉलरला केंद्रस्थान मिळाले ते १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांच्या प्रतिनिधींनी चलनव्यवस्थेचा करार केला तेव्हा. मध्ये दोन महायुद्धांनी ब्रिटनला कर्जबाजारी करून सोडले होते. १९५६ मध्ये ब्रिटनने इजिप्तमधल्या सुएझ कालव्यावर सैन्य उतरवल्यावर अमेरिकेने पौंडाला आधार द्यायचे नाकारले आणि ब्रिटनला माघार घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या उलथापालथीनंतर झालेला बदल नुसत्या विकासदराच्या खाती मांडता येत नाही.

चीनचा दाखला तर संदेशाच्या विरोधातच जातो. १९८० नंतरची तीस वर्षे सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास वाढ, २०१० मध्ये जपानला मागे टाकून दुसरा क्रमांक, जगातल्या कारखानदारीचा सुमारे ३० टक्के हिस्सा, हे सगळे असूनही डॉलरमध्ये मोजलेले त्याचे उत्पादन २०२१ मध्ये अमेरिकेच्या तीन चतुर्थांशापर्यंत पोहोचून २०२४ पर्यंत दोन तृतीयांशाच्याही खाली घसरले. मध्यवर्ती बँकांच्या परकीय गंगाजळीत चीनच्या युआन या चलनाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास आहे आणि डॉलरचा निम्म्याहून अधिक.

तरुण मनुष्यबळाबद्दल फार लिहीत नाही. कामकऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक माणसे अजून शेतीत असताना आणि संशोधनावरचा खर्च सकल उत्पादनाच्या एक टक्क्याच्याही आत असताना नुसते वय उपयोगी पडत नाही, एवढे म्हटले तरी पुरे.

मग अग्रस्थान असते कशात? घोडबंदर रोडवरच्या कोंडीत त्याचे एक उत्तर मला रोज दिसते. न्हावा शेवा बंदरातून गुजरातकडे निघालेले ट्रेलर समोर उभे असतात आणि त्यांच्या पाठीवरच्या कंटेनरांवरची जहाज कंपन्यांची नावे वाचण्यापलीकडे दुसरे काही करता येत नाही: मर्स्क डेन्मार्कची, एमएससी स्वित्झर्लंडची, सीएमए सीजीएम फ्रान्सची, कॉस्को चीनची, एव्हरग्रीन तैवानची. माल आपला असतो, बंदर आपले असते, कोंडी तर निखालस आपलीच; पण जहाज परक्याचे, भाडे डॉलरमध्ये आणि विम्याच्या अटी बहुधा लंडनच्या. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे आणि तो महासत्ता नाही, तरीही मर्स्कने मार्ग बदलला की आपल्या निर्यातदारांची वेळापत्रके कोलमडतात. ज्याच्यावाचून इतरांचे अडते, त्याचे चालते. सर्वांत जास्त जणांचे ज्याच्यावाचून अडते तो आघाडीचा देश. विकासदराच्या तक्त्यात ही गोष्ट दिसत नाही.

ती दिसते मतांच्या वाटणीत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत सर्वांत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात. अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मते असल्यामुळे तिच्याशिवाय असा निर्णय होत नाही. आपली मते तीन टक्क्यांहून कमी आहेत. वेगाने वाढणाऱ्या देशांचा वाटा थोडा वाढवण्याचे डिसेंबर २०१० मध्ये ठरले होते. अमेरिकी काँग्रेसने त्याला मंजुरी दिली डिसेंबर २०१५ मध्ये. मधली पाच वर्षे आपला विकासदर अमेरिकेच्या दुपटीहून अधिक होता आणि आपण मंजुरीची वाट पाहत होतो. ती सुधारणा अखेर अमलात आली २६ जानेवारी २०१६ रोजी.