तीन वर्षांच्या आतलं लेकरू आणि शिवार

आमच्या लातूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘तीन वर्षांच्या आतल्या लेकराला रानात नेऊ नका. त्याला काही आठवत नाही, ऊन बाधतं, मातीनं आजार होतात. आणि मराठवाड्यात बघण्यासारखं आहेच काय?’ तो वाचून शेजारच्या सुनेनं यंदा येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येच्या शेतातल्या सणाला, शेतात जाणंच रद्द केलं. म्हणून लिहितेय.

आठवत नाही, हे खरं. मोठेपणी तीन वर्षांआधीचं सहसा कुणालाच आठवत नाही. पण चालायला कधी शिकलो तेही कुठं आठवतं? माझी नात पावणेदोन वर्षांची होती. मृगाच्या पहिल्या पावसानंतर बांधावर उकिडवी बसली. काळ्या मातीतून मृगाचे किडे निघालेले, लाल मखमलीसारखे. एक चालला की ही त्याच्या मागं. अर्ध्या तासात आम्ही दहा पावलंही गेलो नसू. ‘लाल’ हा शब्द ती तिथं शिकली.

उन्हाचं म्हणाल तर, पारा चाळिशीच्या वर असताना भर दुपारी कोण नेतं? उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत परतायचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, आईनं जास्त वेळा अंगावर पाजावं.

मातीबद्दल मात्र थोडं तथ्य आहे. उघड्यावर शौचाला बसतात त्या जागी अनवाणी पायातून जंतांच्या अळ्या शिरतात. त्यासाठी चप्पल घाला, साबणानं हात धुवा, आणि वर्षाच्या पुढच्या लेकराला अंगणवाडीत जंताची गोळी मिळते ती चुकवू नका. धनुर्वाताचं संरक्षण सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसीतून आणि पुढं सोळा ते चोवीस महिन्यांच्या बूस्टर डोसातून मिळतं. दगड उलथू देऊ नका, खाली इंचू असतो. पण सगळ्यात मोठा धोका मेसेजात नाहीच: बोराची आठोळी, शेंगदाणा, हरभरा घशात अडकणं. येळवसला हे सगळं हाताशीच असतं. तेव्हा लेकराला भज्जी, म्हणजे येळवसची शेंगा-भाज्यांची मिसळ भाजी, मऊ कुस्करून द्या, बाकीचं त्याच्या हाताला लागू देऊ नका.

बघायला काय आहे? हिवाळ्यात पैठणजवळच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणावर, पाखरं उतरतात, बीडकडच्या नायगावला मोर आहेत. पण दीड वर्षाच्या लेकराला एवढ्या लांब न्यायची गरजच नाही. येळवसची कडब्याची कोपी (छोटी खोप), तिच्यातले चुना लावलेले पांडव म्हणून पुजलेले दगड, वाऱ्यानं सळसळणारी ज्वारी. एवढ्यातच त्याचा दिवस जातो.

त्या सुनेला सांगितलंय, ज्वारी अजून उभी आहे. रविवारी सकाळी आठला आमच्या गाडीत दोघांची जागा ठेवलीय.