परदेशी पैसा वाईट, मग आपला कुठाय?

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड. ‘स्टार्टअपमधला परदेशी पैसा म्हणजे नवी ईस्ट इंडिया कंपनी!’ खाली तिरंग्यांची रांग. पाठवणारे कोण? तर आमचे तेच काका, ज्यांच्याकडे माझा मावसभाऊ पाच लाख मागायला गेला होता.

भाऊ निफाडकडचा. द्राक्षबागेत लावायचं यंत्र बनवतो. पानांवरची ओल मोजतं, डावणी रोगाचा धोका दिसला की मोबाइलवर मेसेज. बँकेत गेला, तर पहिला प्रश्न : तारण काय? सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आधीच. काकांनी चहा पाजला, ‘कल्पना छान आहे रे’ म्हणाले आणि त्याच सुमारास वाकडला आणखी एक फ्लॅट बुक केला.

पैसे दिले कुणी? नेदरलँड्सच्या एका छोट्या फंडाने. त्यांची बाई बुटांना चिखल लागेस्तोवर बागेत हिंडली. यंत्राची बॅटरी कोण बदलतं? पहिल्या हंगामानंतर शेतकरी पुन्हा पैसे भरतो का? असले प्रश्न. तारणाचा विषयच नाही. शेअर घेतले. बुडाले तर त्यांचे बुडाले.

हे आपल्याकडे कोण करतं, सांगा ना! फ्लिपकार्ट 2007 मध्ये दोन पोरांनी सुरू केली, वाढवायला पैसा आला अमेरिकेतून, दक्षिण आफ्रिकेतून, जपानमधून. 2018 मध्ये वॉलमार्टने 77 टक्के हिस्सा 16 अब्ज डॉलरला घेतला. तिथले इंजिनिअर शेअर विकून बाहेर पडले आणि त्यातल्या कित्येकांनी नव्या कंपन्या काढल्या, दुसऱ्यांच्या कंपन्यांत पैसे घातले. केनियातलं एम-पेसा घ्या. व्होडाफोन आणि ब्रिटिश सरकारच्या मदतनिधीतून उभं राहिलं, 2007 पासून तिथली माणसं साध्या फोनवरून गावी पैसे पाठवतायत. आपलं यूपीआय आलं 2016 मध्ये.

आणि आपण काय केलं? 2012 मध्ये एंजल टॅक्स आणला. स्टार्टअपने गुंतवणूकदाराला दिलेल्या शेअरची किंमत अधिकाऱ्याला जास्त वाटली, की वरची रक्कम कंपनीचं उत्पन्न धरायची आणि त्यावर कर! तो गेला 2024 च्या बजेटमध्ये. बारा वर्षं!!

हो, हा पैसा घायकुतीला येतो, मान्य. दहा मिनिटांत कोथिंबीर पोचवायच्या नादात कोपऱ्यावरचा वाणी मारतो, आणि 2022 मध्ये फंडांनी हात आखडल्यावर पोरं रातोरात घरी बसली, तेही पाहिलंय.

काकांवर इतकं चिडायला नको होतं खरं तर. त्यांची एक पतसंस्थेतली ठेव बुडालीय, माणूस धास्तावणारच. पण मग गप्प तरी बसावं.

भाऊही काही खूश नाही. ती बाई दर तिमाहीला पै-पैचा हिशेब मागते, हा वैतागतो. उद्या कंपनी मोठी झाली तर भला मोठा वाटा परदेशात जाणार, आणि मलाही ते टोचणार. पण तोच वाटा आधी इथे पाच लाखांना घ्या म्हणत तो दारोदार फिरत होता.